आंतरजालावरील शोध : गावाची भाषा आणि कागदाची भाषा

सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकास अहिल्यानगर, धाराशिव व पुणे या तीन जिल्ह्यांच्या सीमांना भिडलेला करमाळा तालुका एकीकडे अवर्षणाशी झगडत आला, तर दुसरीकडे त्याने पाण्यासाठी आपली गावे दिली. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि तालुक्यातील नदीकाठच्या अनेक गावांना आपली जुनी पांढरी सोडून नव्या जागी वसावे लागले. वांगी किंवा केत्तूर या गावांच्या नावापुढे आज जे ‘नंबर १’, ‘नंबर २’ असे आकडे दिसतात, ते या स्थलांतराची आठवण देतात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची तिसरी पिढी आता महाविद्यालयात शिकत आहे. शासकीय सेवेतील भरतीत प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के समांतर आरक्षण असल्यामुळे, आजोबांच्या नावे झालेल्या भूसंपादनाचा कागद हा या पिढीच्या दृष्टीने केवळ इतिहास राहिलेला नाही.

असा एखादा तरुण हातातील भ्रमणध्वनीवर प्रश्न लिहितो : ‘धरणात जमीन गेली कागद कुठे मिळेल’. उत्तरादाखल काही चित्रफिती, काही बातम्या, एक-दोन जाहिराती आणि परराज्यातील धरणांची माहिती त्याच्यासमोर येते. तो दोन-तीन वेळा प्रयत्न करतो आणि कागद ‘नेटवर नाहीत’ असा निष्कर्ष काढतो. ग्रामपंचायतीत, शाळेत आणि क्वचित कार्यालयातही हाच निष्कर्ष याच घाईने काढला जातो. पुष्कळदा माहिती उपलब्ध असते; ती ज्या शब्दांत नोंदली गेली आहे, ते शब्द मात्र विचारणाऱ्याने वापरलेले नसतात.

शोधयंत्र नेमके काय शोधते

आपण शब्द लिहिताच गूगलसारखे शोधयंत्र जगभरातील संगणक धुंडाळू लागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. शोधयंत्राने कोट्यवधी पाने अगोदरच वाचून त्यांतील शब्दांची एक प्रचंड सूची तयार करून ठेवलेली असते. जाडजूड ग्रंथाच्या अखेरीस कोणता शब्द कोणत्या पानावर आला आहे हे सांगणारी सूची असते, तशीच ही. आपण शब्द दिला की यंत्र ही सूची पाहते आणि कोणते पान अधिक उपयुक्त ठरेल याचा अंदाज करून पाने क्रमाने मांडते. त्या पानावर इतर किती व कोणत्या पानांनी बोट दाखवले आहे, हा त्या अंदाजाचा एक महत्त्वाचा आधार असतो. याच कल्पनेच्या बळावर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गूगलची स्थापना केली. अलीकडे ही यंत्रे समानार्थी शब्द आणि प्रश्नाचा रोखही बऱ्याच अंशी ओळखू लागली आहेत. परंतु मराठी शासकीय कागदांच्या बाबतीत ही ओळख अद्याप पुरती पक्की नाही.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, जो कागद सूचीत आलेला नाही तो शोधयंत्राला सापडणार नाही. सातबारा उतारा हे याचे ठळक उदाहरण होय. महाभूमी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक निवडल्यानंतरच उतारा तयार होऊन दिसतो. तो कोठे आधीपासून लटकावून ठेवलेला नसल्यामुळे गूगलमध्ये गट क्रमांक लिहून काहीही हाती लागत नाही. अशा ठिकाणी शोधयंत्राचे काम दारापर्यंत नेण्याचे. आत शिरून चौकशी आपणच करावयाची असते. दुसरी गोष्ट अशी की, यंत्र शब्द जुळवते, म्हणून शब्दांची निवड हाच शोधाचा गाभा ठरतो.

एकाच पाण्याची अनेक नावे

उजनीचेच उदाहरण घेऊ. गावकरी ‘उजनी’ किंवा नुसते ‘धरण’ म्हणतात. जलसंपदा विभागाच्या कागदांत ‘भीमा प्रकल्प’ किंवा ‘भीमा (उजनी) प्रकल्प’ असा उल्लेख येतो. जलाशयाला ‘यशवंतसागर’ हे नाव आहे. केवळ ‘उजनी’ लिहिले तर लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याचे, बासुंदीसाठी प्रसिद्ध असलेले उजनी गावही निकालांत येऊन बसते. ज्यांची जमीन गेली त्यांना गावात ‘धरणग्रस्त’ म्हणतात. कार्यालयात ‘प्रकल्पग्रस्त दाखला’ दिला जातो. आणि १९९९ च्या राज्य अधिनियमाच्या नावात ‘प्रकल्पबाधित व्यक्ती’ असा शब्द आहे. जमीन ‘गेली’ असे आपण म्हणतो, कागदात ती ‘संपादित’ झालेली असते. ‘पाण्याखालची’ जमीन तेथे ‘बुडीत क्षेत्र’ होते, ‘नवे गाव’ हे ‘पुनर्वसित गावठाण’ होते आणि मिळालेल्या ‘पैशा’ला ‘मोबदला’ म्हणतात.

म्हणजे वर उल्लेखिलेल्या तरुणाने ‘भीमा प्रकल्प भूसंपादन करमाळा पुनर्वसन’ असे चार-पाच शब्द दिले असते, तर निकालांचे स्वरूपच पालटले असते. यात ‘कुठे’, ‘कसे’, ‘मिळेल’ हे शब्द गळाले आहेत, याकडे लक्ष द्यावे. शोध घेण्यापूर्वी क्षणभर थांबून ‘हा कागद लिहिणाऱ्या लिपिकाने कोणता शब्द वापरला असेल’ असे स्वतःस विचारणे, ही नवशिक्याने लावून घ्यावयाची पहिली सवय होय.

हे अंतर उजनीपुरते मर्यादित नाही. ज्येष्ठ स्त्रीपुरुष ज्याला ‘निराधारचा पगार’ म्हणतात, तो शासनदप्तरी ‘संजय गांधी निराधार अनुदान योजना’ किंवा ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’ या नावांनी असतो, आणि या दोन वेगळ्या योजना आहेत. रेशनकार्ड तेथे ‘शिधापत्रिका’ असते. वारसाचे नाव लागण्याला ‘वारस नोंद’ व ‘फेरफार’ म्हणतात. ‘विशेष घटकातली विहीर’ म्हणून अनेक गावांत ओळखली जाणारी विहीर अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी असलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजने’त शोधावी लागते. ग्रामपंचायत सदस्यांनी लोकांच्या तोंडचे शब्द व शासकीय शब्द यांची दोन रकान्यांची एक यादी वहीत करून ठेवली, तर ती शिक्षकापासून संगणक परिचालकापर्यंत सर्वांच्या उपयोगी पडेल.

जुन्या कागदांच्या शोधात स्थळनामांची जुनी रूपेही ध्यानात ठेवावी लागतात. इंग्रजी कागदांत सोलापूर हे दीर्घकाळ ‘शोलापूर’ या रूपात लिहिले जात होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा या जिल्ह्यावरील विसावा खंड १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला तो याच नावाने. पुण्याचेही तसेच, जुन्या इंग्रजी राजपत्रात ‘पूना’ हे रूप भेटते. जुने सोडाच, करमाळ्याच्या शेजारचे उस्मानाबाद २०२३ मध्ये धाराशिव झाले आणि अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. परंड्याच्या किंवा जामखेडच्या हद्दीवरील रस्त्याचा, तलावाचा अथवा शाळेचा कागद दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर त्यावर जुने नावच असणार. अशा वेळी दोन्ही नावांनी स्वतंत्रपणे शोध घेणे आवश्यक ठरते.

नामसाधर्म्यावर उपाय

‘वांगी’ हे गाव शोधू लागल्यास पहिल्या पानावर भरली वांगी शिजत असतात, आणि ती बाजूला सारावीत तर सांगली जिल्ह्यातील वांगी पुढे येते. ‘जेऊर’ म्हटले तर करमाळा तालुक्यातील रेल्वेस्थानकाचे गाव, नगर तालुक्यातील जेऊर आणि अक्कलकोट तालुक्यातील जेऊर यांची सरमिसळ होते. यावर तीन-चार साध्या युक्त्या आहेत व त्या प्रमुख शोधयंत्रांत चालतात.

गावाच्या नावाला तालुक्याचे व जिल्ह्याचे नाव जोडणे ही सर्वांत सोपी युक्ती. जे शब्द याच क्रमाने एकत्र हवे असतील ते अवतरणचिन्हांत लिहावेत, उदाहरणार्थ “भीमा प्रकल्प”. मग ‘भीमा’ एका ओळीत आणि ‘प्रकल्प’ दहा ओळींनंतर, अशी पाने बाजूस पडतात. नको असलेल्या शब्दाच्या आधी, मध्ये मोकळी जागा न सोडता, उणे चिन्ह द्यावे : वांगी करमाळा -भाजी -रेसिपी. आणि शोध एखाद्या विशिष्ट संकेतस्थळापुरता मर्यादित करावयाचा असेल, तर रोमन लिपीत ‘साइट’ हा चार अक्षरी शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम आणि त्याला चिकटूनच संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. पत्त्याच्या जागी केवळ ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ एवढेच दिले तरी त्या पत्त्याखालील विभागांच्या पानांपुरताच शोध चालतो. ही शेवटची युक्ती अधिकारीवर्गातही फारशी परिचित नाही, आणि कामास मात्र सर्वांत अधिक येते.

मराठीचा स्वभाव

इंग्रजीत शोध घेण्याचे नियम मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्या भाषेत नामाला विभक्तीचा प्रत्यय लागताना त्याचे रूपच पालटते. ‘करमाळा’ हा शब्द ‘करमाळ्यात’, ‘करमाळ्याच्या’ असा होतो. शोधयंत्र ही सर्व रूपे एकच मानेल याची खात्री नसते, म्हणून प्रथम मूळ रूप व निकाल अपुरे वाटल्यास सामान्यरूप देऊन पाहावे. ‘विहीर’ आणि ‘विहिरी’ यांत तर ऱ्हस्वदीर्घही बदलतो. शिवाय मूळ कागदातच ‘विहिर’ असे अशुद्ध लिहिलेले असण्याची शक्यता असते. शुद्धलेखनाचा आग्रह शाळेत अवश्य धरावा, शोधताना मात्र अशुद्ध रूपही एकदा तपासून पाहावे.

‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्या’ हे जोडाक्षर संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते भिन्न वाटू शकतात. ‘शेतकरी’ हे मूळ रूप वापरले की हा प्रश्न उद्भवत नाही. अंकांच्या बाबतीतही देवनागरी व रोमन अशा दोन्ही प्रकारांनी शोध घेणे हितावह होय. ज्यांना कळफलकावर मराठी लिहिणे जड जाते त्यांनी ध्वनिमुद्रकाच्या चिन्हावर बोट ठेवून बोलावे. यंत्र मराठी बोलणे बऱ्यापैकी उतरवून घेते, परंतु गावांची नावे उतरली कशी ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक अडचण मात्र वापरणाऱ्याच्या हातची नाही. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी शासकीय मराठी मजकूर श्रीलिपी, सुरेख यांसारख्या निरनिराळ्या टंकांत तयार होत असे, तर त्याही आधीचे कागद छायाप्रतींच्या रूपात चढवले गेले आहेत. पडद्यावर असा कागद स्वच्छ वाचता येतो, पण त्यातील अक्षरे यंत्राच्या लेखी मराठी नसतातच. अशा कागदाच्या अंतरंगातील शब्द कितीही अचूक दिला तरी तो सापडणार नाही. तेथे विभाग, दिनांक आणि शीर्षक यांच्याच आधारे जावे लागते.

शासन निर्णयाचा माग

पंचायत सदस्य व कर्मचारी यांना सर्वाधिक वेळा लागणारी गोष्ट म्हणजे शासन निर्णय. राज्य शासनाच्या शासन निर्णयांसाठी स्वतंत्र संकेतस्थळ असून तेथे विभाग, शीर्षकातील शब्द, दिनांक व सांकेतांक यांनुसार शोधण्याची सोय आहे. अलीकडील शासन निर्णयाच्या अखेरीस जो अठरा अंकी सांकेतांक छापलेला असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना व दिवस होत. समाजमाध्यमातून फिरत आलेल्या ‘शासन निर्णया’वरील दिनांक आणि हे आठ अंक जुळतात काय, हे प्रथम पाहावे आणि नंतर तो सांकेतांक संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उघडावी. मूळ प्रत उघडली नाही तर त्या कागदाच्या आधारे ठराव करू नये.

शासन निर्णय सापडला म्हणजे काम संपले असे नव्हे. तो आज लागू आहे काय, हा खरा प्रश्न असतो. प्रत्येक शासन निर्णयाच्या आरंभी ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली पूर्वीच्या निर्णयांचे क्रमांक व दिनांक दिलेले असतात. त्यावरून मागे जाता येते. पुढे जाण्यासाठी उलट रीत अवलंबावी. हाती असलेल्या निर्णयाचा क्रमांक अवतरणचिन्हांत घालून शोध घेतला, की ज्या नंतरच्या कागदांनी त्याचा संदर्भ घेतला आहे ते पुढे येऊ शकतात. त्यांत ‘अधिक्रमित’, ‘शुद्धिपत्रक’, ‘पूरकपत्र’, ‘सुधारणा’ हे शब्द आहेत काय, ते पाहावे.

वर उल्लेखिलेल्या कृषी स्वावलंबन योजनेत २०१७ मध्ये नव्या विहिरीसाठी अडीच लाख रुपयांपर्यंत अनुदान होते. २०२४ मध्ये ही मर्यादा चार लाख करण्यात आली. आंतरजालावर दोन्ही आकडे सांगणारी पाने शेजारीशेजारी नांदत आहेत, आणि दोन्ही आपापल्या काळी खरीच होती. जुने पान वाचून ग्रामसभेत अडीच लाखांचा आकडा सांगितला गेला, तर त्यात खोटेपणा कोणाचाच नसतो, पण एखादे कुटुंब विहिरीचा हिशेब चुकीचा मांडते. निकालांच्या पानावर काळाची मर्यादा घालण्याची सोय असते. तिचा वापर करून गेल्या वर्षातील पानेच पाहावीत. हल्ली काही शोधयंत्रे निकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने जुळवलेला सारांश देतात. तो सफाईदार मराठीत असतो आणि म्हणूनच सावधगिरीने वाचावयास हवा, कारण २०१७ चे पान व २०२४ चे पान त्यात एकाच वाक्यात मिसळले जाऊ शकते. सारांशासोबत दिलेला मूळ दुवा उघडून दिनांक पाहणे हाच त्यावर उपाय आहे.

आकड्यांच्या बाबतीत दिनांकाइतकेच महत्त्व परिमाणाला असते. उजनीचा एकूण साठा ११७.२३ अब्ज घनफूट असून त्यातील ६३.६६ अब्ज घनफूट हा मृत साठा आणि ५३.५७ अब्ज घनफूट हा उपयुक्त साठा आहे. वृत्तपत्रांत येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. म्हणूनच उन्हाळ्यात धरण ‘उणे’ झाल्याची बातमी येते आणि तरीही जलाशयात पाणी दिसते. हे ठाऊक नसलेल्यास दोन पाने परस्परविरोधी वाटतात.

साक्षीदार किती आणि कोण

शाळेच्या हस्तलिखितासाठी करमाळ्याच्या कमलाभवानी मंदिराची माहिती जमवणाऱ्या विद्यार्थ्याला मंदिराचे ९६ खांब आणि विहिरीच्या ९६ पायऱ्या यांचा उल्लेख पानोपानी आढळेल. दहा पानांवर तेच वाक्य त्याच शब्दांत असेल, तर ते दहा साक्षीदार नव्हेत. एकाचेच दहा प्रतिध्वनी होत. मूळ कोठे आहे, याचा शोध गॅझेटिअर विभागाचे संकेतस्थळ किंवा मराठी विश्वकोश येथे घ्यावा, मात्र विश्वकोशातील लोकसंख्येसारखे आकडे नोंद लिहिली गेली त्या काळचे असू शकतात, हे विसरू नये. खांब आणि पायऱ्या मोजण्याची सोय तर करमाळ्यातच आहे.

पैशाच्या व्यवहारात मात्र चुकीच्या साक्षीदाराची किंमत तत्काळ मोजावी लागते. बँकेचा अथवा गॅस वितरकाचा ‘ग्राहक सेवा क्रमांक’ शोधून पहिल्या निकालावरील क्रमांकावर संपर्क साधल्याने फसगत झाल्याच्या तक्रारी राज्यभर येत असतात. ‘प्रायोजित’ असा शब्द असलेला निकाल म्हणजे पैसे देऊन मिळवलेली जागा होय, हे ओळखावे. बँकेचा क्रमांक पासबुकावरून घ्यावा. संकेतस्थळाचा पत्ता वाचताना पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा अखेरचा भाग पाहावा : तेथे ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल, तर तो शासनाचा. ‘गव्ह’ हा शब्द पत्त्याच्या मध्येच कोठेतरी घुसवलेला असेल, तर त्याला अर्थ नाही. योजनेच्या नावाने आलेली फाइल भ्रमणध्वनीत बसवू नये. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम रोखून धरण्याची शक्यता अधिक असते.

जे आंतरजालावर नाही

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने बरीचशी माहिती मागणीशिवाय स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असून, त्या माध्यमांत इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आहे. तथापि साठ-सत्तरच्या दशकांतील भूसंपादनाचे सर्व निवाडे, ताबापावत्या व गावनिहाय याद्या आज पडद्यावर सापडतील, अशी अपेक्षा करणे वास्तवाला धरून होणार नाही. त्यांतील पुष्कळशा अभिलेख कक्षांतील रुमालांतच आहेत.

तरीही आंतरजालावर केलेला शोध वाया जात नाही. भूसंपादनाच्या अधिसूचना शासकीय राजपत्रात प्रसिद्ध होत असत आणि सोलापूर जिल्हा पुणे विभागात मोडतो. म्हणजे पुणे विभागाशी संबंधित भाग चाळावयाचा, एवढे तरी निश्चित होते. प्रकल्पाचे अधिकृत नाव, गावाचे त्या काळचे नाव, जुना सर्व्हे क्रमांक आणि अंदाजे वर्ष एवढ्या चार गोष्टी जमल्या, की सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील पुनर्वसन किंवा भूसंपादन शाखेकडे नेमका अर्ज करता येतो. ‘आमच्या जमिनीचे सर्व कागद द्यावेत’ अशा अर्जापेक्षा ‘भीमा (उजनी) प्रकल्पासाठी संपादित झालेल्या अमुक गावच्या अमुक सर्व्हे क्रमांकाच्या निवाड्याची प्रत द्यावी’ हा अर्ज अभिलेखपालाला लवकर रुमालापर्यंत नेतो. माहितीच्या अधिकाराखालील अशा अर्जावर दहा रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक लावावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास हे शुल्क माफ आहे. त्याने त्याचा पुरावा जोडावा. जनमाहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावयाचे असते. उत्तर आले नाही किंवा समाधानकारक वाटले नाही, तर त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे आणखी तीस दिवसांत अपील दाखल करता येते.